तिथीचा रकाना

तक्ते जोडून आलेखाची चित्रं काढणाऱ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये भूमिकाला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर दोन चौकटींमधली ती रेघ. रोह्याच्या क्लासमध्ये अपेक्षा मॅडमनी पहिल्याच रविवारी ती काढून दाखवली होती. एका चौकटीत एक तक्ता, दुसरीत दुसरा. एकातला रकाना माउसने धरायचा, ओढत न्यायचा आणि दुसऱ्यातल्या तशाच रकान्यावर सोडायचा, की दोन्ही तक्ते एकमेकांना ओळखायला लागतात. घरी निडीला येऊन तिने हे नवऱ्याला इतक्या कौतुकाने सांगितलं, की त्याला आधी वाटलं कुणाचं तरी लग्न जमलं.

सहा दिवस पेणला नोकरी आणि सातव्या दिवशी रोह्याला क्लास, असं तिचं चाललं होतं. नोकरी मालवाहतुकीच्या ऑफिसात. समुद्रात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांतून कोळसा सपाट बुडाच्या बार्जमध्ये उतरायचा, बार्ज धरमतरच्या खाडीतून जेटीला लागायच्या आणि तिथून ट्रक भरून निघायचे. रोज निम्मे ट्रक जेटीवर ताटकळत उभे. पुण्याहून नुकतेच बदलून आलेले दत्तात्रेय साहेब त्यावरून सगळ्यांच्या डोक्यावर बसले होते. कुठल्या बार्जमुळे उशीर होतो ते एका चित्रात दाखवा, असं त्यांनी भूमिकाला सांगितलं, आणि तिला तेच हवं होतं.

जेटीला बार्ज लागल्याचं रजिस्टर गुणाजी ठेवायचा. जेटीवर त्याचे केस पांढरे झाले होते. तारखेच्या शेजारी तो न चुकता तिथीही लिहायचा, ‘शु. ५’, ‘व. ११’ अशी, आणि ऑफिसात रजिस्टर टाइप करणारेही निमूटपणे ते उतरवून घ्यायचे. नको ते रकाने आधी काढून टाका, असं मॅडमनी शिकवलं होतं. भूमिकाने दीड वर्षाचं रजिस्टर उघडलं, तिथीच्या रकान्यावर क्लिक केलं आणि तो उडवला. म्हाताऱ्यांची सवय, म्हणून मनात हसलीही. मग तारखेला तारीख जोडली, बार्जचं रजिस्टर आणि ट्रकचं रजिस्टर एक झालं, आणि पडद्यावर पाच बार्जचे पाच खांब उभे राहिले. चार घोट्याएवढे, पाचवा डोक्याच्या वर.

शुक्रवारी साहेबांच्या केबिनमध्ये ते चित्र दाखवताना तिचा चेहरा नुसता फुलला होता. साहेबही खूश झाले. एवढं स्पष्ट चित्र त्यांनी या ऑफिसात पाहिलं नव्हतं.

“पाच नंबर चालवणारा तांडेल कोण?” त्यांनी विचारलं.

“हिरामण,” बाजूला बसलेला गुणाजी म्हणाला.

“सोमवारी बोलवून घ्या. पुढच्या हंगामात पाच नंबरला काम नाही.”

भूमिकाच्या तोंडचं पाणी पळालं. हिरामण तांडेल तिचा सख्खा मामा. आडनाव वेगळं, त्यामुळे साहेबांना पत्ता नाही, आणि ओळखीने नोकरी लागली असं कुणी म्हणू नये म्हणून तिनेही कधी सांगितलं नव्हतं. गुणाजीला ठाऊक होतं, पण त्याचं तोंड शिवल्यासारखं गप्प असायचं. आता सांगावं, तर साहेब म्हणणार, मामाला वाचवायला निघाली. न सांगावं, तर तिच्याच हातच्या पहिल्या चित्राने मामाच्या पोटावर पाय दिलेला. तिला स्वतःचा इतका राग आला, की तिने लॅपटॉपचं झाकण आपटून मिटलं.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. ती थेट जेटीवर गेली. मामा बार्जच्या दोरखंडावर बसून भाकरी खात होता. तिने सगळं सांगून टाकलं, आपल्या शहाणपणासकट. मामा रागावला नाही. त्याने भाकरी संपवली, हात धुतले आणि विचारलं, “चित्र कशावर काढलंस गो?”

“तारखेवर.”

“खाडीला तारीख कलते का? आमुशा-पुनवेला उधाण, तवा पानी चिक्कार. आठमी-नवमीला भांगाचं पानी, भरती चढतच नाय. बाकीच्या चार बार्ज बारक्या, त्या येतात कशापन. माझी सगल्यांत मोठी, भरली की खोल बसते. पानी नाय तं काय चिखलान चालवू?”

“मग ऑफिसात का नाही सांगितलंस?”

“मना कोन ईचारतंय? नि गुनाजी लिवतंय ना रोज.”

गुणाजी लिहीत होता, रोज, तिथीसकट. उडवलं तिने.

रविवारी ती क्लासला वीस मिनिटं आधी पोचली. अपेक्षा मॅडमचं माहेर आतल्या भातशेतीच्या गावचं. त्यांना अष्टमी फक्त उपासापुरती माहीत. पण त्यांनी सारं नीट ऐकून घेतलं आणि आधी तिची भीती घालवली. काढलेला रकाना कुठेही गेला नव्हता. सॉफ्टवेअरने केलेल्या प्रत्येक कामाची पायरी जपून ठेवली होती. रकाना काढल्याच्या पायरीपुढच्या फुलीवर क्लिक केलं, आणि ‘शु. ५’, ‘व. ११’ सगळे मुकाट जागेवर येऊन बसले. मग दोघींनी शुद्ध-वद्य बाजूला काढलं, कारण खाडीला पुनव काय आणि आमुशा काय, दोन्ही सारख्याच. उरले एक ते पंधरा आकडे. ते आडवे मांडले, उशिराचे तास उभे, आणि पाच नंबरची प्रत्येक खेप म्हणजे एक लाल ठिपका.

सप्तमी ते दशमीच्या वर ठिपक्यांची झुंबड उडाली होती. दोन्ही टोकं मोकळी होती. भूमिकाला हसू आणि रडू एकदमच आलं.

उजव्या टोकाला मात्र, पंधराव्या आकड्यावर, एकच ठिपका उंच टांगलेला होता. बारा तास उशीर. म्हणजे भर उधाणाची एक अख्खी भरती चुकलेली. तिने त्यावर माउस नेऊन तारीख पाहिली आणि कळायचं ते कळलं. तो तिच्या हळदीचा दिवस होता. मामा आल्याशिवाय पोरीला हळद लावायची नाही, असं आई हटून बसली होती, आणि मामा आला होता.

“एवढा एक काढून टाकला तर?” मॅडम म्हणाल्या. “एका ठिपक्याने काय बिघडतंय?”

भूमिकाने माउसवरचा हात काढून घेतला. ज्या चित्रावर मामाचं काम टिकणार, त्यातच फेरफार केला आणि उद्या कुणी गुणाजीचं रजिस्टर उघडलं, तर सगळंच चित्र खोटं ठरणार होतं. ठिपका राहिला.

सोमवारी केबिनमध्ये साहेब, गुणाजी आणि टोपी हातात धरून उभा असलेला हिरामण. भूमिकाने आधी आपली चूक सांगितली, मग नवं चित्र लावलं. साहेबांनी सप्तमी ते दशमीच्या झुंबडीवरून बोट फिरवलं.

“म्हणजे अष्टमीला मोठी बार्ज भरून पाठवणारे आपणच,” ते म्हणाले. मग त्यांचं बोट उजव्या टोकाला गेलं. “आणि हा? पौर्णिमा-अमावस्येला पाणी भरपूर असतं ना?”

भूमिकाने तोंड उघडलं, पण मामा तिच्या आधी बोलला. “व्हय, पानी होतं साहेब. तो उशीर माझा. भाचीची हलद होती, बार्ज नांगरून गेलू.”

“कोण भाची?”

मामा हातातली टोपी फिरवू लागला. तो तिचं नाव घेणार नाही, हे तिला कळलं.

“मी, सर,” भूमिका म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. “हा ठिपका तुम्हाला काढता आला असता.”

“हो, सर.”

भिंतीवरचं कॅलेंडर काढून साहेबांनी गुणाजीपुढे ठेवलं, आणि पाच नंबरला कुठल्या दिवशी पाठवायचं नाही त्यावर खुणा करायला सांगितलं. गुणाजीने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि ऐटीत कामाला लागला.

“पुढच्या हळदीला रजा सांगून जा, तांडेल,” साहेब म्हणाले. बस्स, एवढंच.

बाहेर आल्यावर भूमिकाच्या डोळ्यांना धार लागली. मामाने टोपी झटकून डोक्यावर घातली.

“तो लाल ठिपका ऱ्हानार का गो तिथंच?”

“आता पुसते, मामा. साहेबांना सगळं कळलंय.”

“नको,” मामा म्हणाला. “तुझ्या हलदीचा हाय. ऱ्हाऊं दे.”