लोंबकळण्याची रंगीत तालीम

माणसाच्या संस्कृतीची खरी पारख तो मुक्या जिवाशी कसा वागतो यावरून होते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. आमची पारख रविवारी सकाळी होणार होती, आणि तोवर मुक्या जिवाला लोंबकळायला शिकवायचं होतं.

मुका जीव म्हणजे रॅगडॉल जातीची मांजर. या जातीची ख्याती अशी की उचललं की ती अंग सोडून देते आणि भिजलेल्या टॉवेलसारखी हातावर लोंबते. डोळे निळे, अंग सायीच्या रंगाचं, कान आणि शेपूट शाईत बुडवून काढल्यासारखी. हिला घराबाहेर सोडायचं नसतं, कारण भीती ही वस्तू तिच्या गावीच नाही. अंगावर आलेल्या कुत्र्याशीसुद्धा ती ओळख काढायला जाईल. पडद्यावर चढणं, भांडी पाडणं वगैरे मध्यमवर्गीय उद्योग ती करत नाही. माणूस ज्या खोलीत जातो तिथे मागोमाग जाते आणि त्याच्या पावलांवर पसरते. तिची चार पिढ्यांची वंशावळ कागदावर आहे. मला पणजोबांचं नाव विचारलंत तर मला आत्याला फोन करावा लागेल. वंशावळीतलं तिचं नाव एका दमात म्हणता येत नाही, म्हणून घरी ती उशी.

उशी आम्हाला एका निवृत्त दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून मिळाली. जुन्या दवाखान्याच्याच खोल्यांत त्या मांजरं पाळतात. आम्ही पाहायला गेलो तेव्हा सगळ्या खुर्च्यांवर मांजरं झोपलेली होती, त्यामुळे मला रुग्णाच्या खुर्चीत बसावं लागलं. ती खुर्ची मागे कलते. "घरी किती वेळ असता? आवाज चढवून बोलता का?" असं डोक्यावरून कुणी विचारलं की आडव्या माणसाच्या तोंडून खरंच बाहेर पडतं. बायकोला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला कशाला हवी?" बायको म्हणाली, "अशीच." डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि निघताना म्हणाल्या, "न्या. मी एकदा घरी येऊन जाईन."

दोन आठवड्यांनी 'रविवारी सकाळी येते' असा त्यांचा फोन आला, तेव्हा ते वाक्य मी घरी जसंच्या तसं मेव्हण्याला सांगितलं. चूक तिथे झाली. माझा मेव्हणा ऑफिसच्या खुर्च्या विकतो, त्यामुळे गावातल्या सगळ्या प्रतिष्ठितांच्या बुडाखाली काय चाललंय हे त्याला माहीत असतं.

"येऊन जाईन म्हणजे काय, कळलं का भाऊजी?" तो म्हणाला. "तपासणी! आमचे एक गिऱ्हाईक आहेत, नोटरी. त्यांच्याकडे या बाईंचंच मांजर होतं. बाई आल्या, मांजर उचलायला लावलं. लोंबलं तर राहिलं, ताठ झालं तर पिशवीत घालून परत. नोटरीचं परत गेलं."

"नोटरीनं काही कागद नाही का दाखवला?" मी विचारलं.

"मांजराला कागद दाखवून काय उपयोग? खोलीत बसून रडले बिचारे. खुर्ची मीच दिलेली, मला माहितेय."

बायको ओट्याशी उभी होती. उशीला तिनं मांडीवर घेतलेलं नव्हतं तरी हात तसे जुळवून धरले. काहीही झालं तरी उशी परत जाऊ द्यायची नाही, असं मी तिथेच ठरवलं.

त्याचं कारण सांगितलं पाहिजे. बायको घरी बसून कपडे धुण्याच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करते. 'झाकण उघडण्यापूर्वी यंत्र पूर्ण थांबू द्यावे' हे वाक्य तिनं जितक्या वेळा लिहिलंय तितक्या वेळा मी देवाचं नाव घेतलेलं नाही. मुलगी शिकायला दूर गेली, आणि त्यानंतर केव्हातरी बायकोनं दुपारचं ताटात वाढून घेणं सोडलं. उभ्या उभ्या, डब्याच्या झाकणात घेऊन, खिडकीबाहेर बघत जेवायची. एका माणसासाठी ताट कोण धुणार, हा तिचा हिशेब. मी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करतो. जळालेली गोदामं, पाणी शिरलेली दुकानं. आगीचं नुकसान आरडाओरडा करतं, ते कुणालाही दिसतं. ओल मात्र भिंतीच्या आतून चढते, आणि रंगाला पोपडा धरेपर्यंत घरमालक म्हणत असतो की सगळं छान आहे. मला ती दिसते. मला त्याचाच पगार मिळतो.

उशी आली आणि तिनं घरातली एकच गोष्ट बदलली. तिला मांडी लागते, आणि उभ्या माणसाला मांडी नसते. चार दिवस ती बायकोच्या पावलांवर पडून वर बघत राहिली. पाचव्या दिवशी मी मधल्या सुट्टीत काहीतरी विसरलो म्हणून घरी आलो, तर बायको खुर्चीवर, समोर ताट, मांडीवर उशी. मी विसरलेली वस्तू न घेताच परत गेलो. यावर आमच्यात बोलणं झालं नाही. आमच्या घरात अशा गोष्टींवर बोलत नाहीत. गळका नळ दुरुस्त करतात.

तेव्हा उशी परत जाणं मला परवडणारं नव्हतं. आणि अडचण अशी की उशी सगळ्यांच्या हातात लोंबायची, फक्त माझ्या नाही. बायकोच्या हातात ती ओघळायची. मेव्हण्याच्या हातात तर निर्लज्जपणे डोळेसुद्धा मिटायची. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसानं "ही चावते का?" विचारत उचललं, तर त्याच्याही दंडावर पसरली. मी उचललं की इस्त्रीचं टेबल.

"तू तिला उचलत नाहीस," बायको म्हणाली, "पंचनामा करतोस."

हे खरं होतं. मी वस्तू दोन कडांना धरून उचलतो आणि आधी खालची बाजू बघतो. ओल खालून लागते. इतकी वर्षं गाद्या, खोकी, रेडिओ असेच उचलले. मांजरीला खालून बघितलेलं आवडत नाही, हे आमच्या प्रशिक्षणात नव्हतं.

ऑफिसात मी टेबलाशेजारच्या खुंटीवरचा ओव्हरकोट दोन्ही हातांवर घेऊन थोडा सराव केला. साहेब दारात येऊन थांबले.

"कोणाचा क्लेम आहे?" त्यांनी विचारलं.

"घरचा," मी म्हणालो. ते हळूच दार लावून गेले.

पण मार्ग ऑफिसनंच दाखवला. आमच्याकडे हिशेबतपासनीस येण्याआधी खोटी तपासणी करायची पद्धत आहे. हाताखालचा एखादा कारकून तपासनीस म्हणून बसतो आणि आम्हाला वाकडे प्रश्न विचारतो. वर्षभराचे हिशेब चुकते करायला मिळतात म्हणून त्या खुर्चीसाठी भांडणं लागतात. पद्धत अशी की सगळं हुबेहूब झालं पाहिजे, दारावर टकटक करण्यापासून. तेच मी घरी लागू केलं. डॉक्टरीणबाईंच्या भूमिकेत मेव्हणा.

तो बाहेर जाऊन बेल वाजवायचा. मी उशीला उचलायचं. तो बायकोचा वाचायचा चष्मा नाकावर ठेवून आत यायचा.

"आ करा," तो म्हणाला.

"अरे, मांजर बघायला आल्यात त्या!" बायको ओरडली.

"भूमिकेत शिरतोय, ताई. हां, दाखवा. अरेरे! भाऊजी, हे मांजर आहे की फळी? परत घेऊन जाते हं मी."

"पुन्हा," मी म्हणालो. "बेलपासून."

बेल, उचलणं, चष्मा, अरेरे. रोज संध्याकाळी तालीम. मेव्हण्याचा उत्साह वाढत गेला. एकदा तो बायकोची पर्सही घेऊन आला. मी हात कोमट पाण्यात बुडवून उचललं, बसून उचललं, डोळे मिटून उचललं. बुधवारी मला वाटलं की पुढचे पाय किंचित सैल आहेत.

"मागचे ताठच आहेत," मेव्हणा म्हणाला.

"म्हणजे पन्नास टक्के," मी म्हणालो. "रविवारला अजून चार दिवस आहेत."

"तिला कंटाळा आलाय रे," बायको म्हणाली. "तिच्या तोंडाकडे बघ."

मी बघितलं. कंटाळा आलेल्या माणसाचं तोंड मला ऑफिसात रोज दिसतं. हे तसं नव्हतं. पण रविवार जवळ होता आणि पन्नास टक्क्यांवर क्लेम मंजूर होत नाही. शुक्रवारी आम्ही तालीम दुप्पट केली.

रविवारी मी मऊ स्वेटर घातला. बायकोनं न सांगता नवा टेबलक्लॉथ अंथरला आणि काढला, कारण तो फार प्रयत्न केल्यासारखा दिसत होता. मेव्हणा "साक्षीदार लागतो" म्हणून हजर होता. उशी सोफ्यावर पसरली होती, अगदी सैल, जणू परीक्षेचा पेपर तिनंच काढलाय.

बेल वाजली.

सोफा रिकामा झाला. सायीच्या रंगाचं काहीतरी जमिनीसरशी गेलं आणि स्वयंपाकघरात कपडे धुण्याच्या यंत्रामागे अदृश्य झालं. मी हात पुढे केलेल्या अवस्थेत तसाच उभा. बायकोनं दार उघडलं. दारात डॉक्टरीणबाई. खांद्याला पिशवी.

मला पिशवीच दिसली. मोठी होती, चेन असलेली, मांजर मावेल अशी.

"कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "म्हणजे, मालमत्ता जागेवर आहे."

त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, यंत्रामागे वाकून बघितलं आणि सावकाश उभ्या राहिल्या. आम्ही तिघं रांगेत उभे होतो, उगाचच.

"ही जात बेल वाजली की दारात येते," त्या म्हणाल्या. "चोर आला तरी येते. हिला घाबरता येत नाही. तुम्ही काय शिकवलंत हिला?"

मेव्हणा छताकडे बघायला लागला. मी सगळं सांगितलं. ऑफिसची पद्धत, चष्मा, पर्स, शुक्रवारची दुप्पट तालीम. सांगताना मला ते जितकं शास्त्रशुद्ध वाटलं होतं तितकं ऐकू येत नव्हतं.

"म्हणजे बेल वाजली की कोणीतरी उचलून उलटं करून बघणार, असं हिला वाटतंय."

"उलटं नाही, थोडं तिरकं."

"मी हिला घेऊन जाऊ का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. धमकी नव्हती त्यात. हा दात काढू का, असं विचारावं तसं विचारलं, आणि ते जास्त भयंकर होतं.

बायकोनं यंत्राच्या झाकणावर हात ठेवला. मी तिच्याकडे बघितलं, आणि ओल वर चढताना दिसावी तसं मला सगळं दिसलं: झाकणातलं जेवण, खिडकी, रॅकमधलं कोरडं ताट.

"नको," मी म्हणालो. "आता ही बसून जेवते."

"मांजर?"

"नाही. बायको."

बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिची एखादी पुस्तिका शेवटपर्यंत वाचलीय.

"तुला केव्हा कळलं?" तिनं विचारलं.

"मी मधल्या सुट्टीत आलो होतो. काहीतरी विसरलो होतो."

"काय विसरला होतास?"

"ते अजून आठवलेलं नाही."

"ताई, तू उभी राहून जेवायचीस?" मेव्हणा म्हणाला. "अगं, मी खुर्च्या विकतो!"

"तू गप्प बस रे," बायको म्हणाली, आणि तिचा आवाज जरा ओला होता.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी खांद्यावरून उतरवून शेजारी ठेवली. मग म्हणाल्या, "सगळे खाली बसा. यंत्राकडे कुणी बघू नका. हात आपापल्या गुडघ्यांवर."

आम्ही फरशीवर बसलो. दवाखान्याच्या बाकावर बसतात तसे, एकमेकांची नजर चुकवत. उशीला ऐकू जाईल म्हणून मी श्वास अर्धाच घेत होतो. बराच वेळ गेला. मग मिशांना धूळ लागलेली उशी यंत्रामागून निघाली, मेव्हण्याच्या मोज्यांचा वास घेऊन तो नापसंत करत, माझ्यासमोरून मला वगळून गेली आणि बायकोच्या मांडीवर ओतली गेली. पुढचे पाय सैल, मागचे पाय सैल, शेपूट फरशीवर.

"राहील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हे गृहस्थ हिला उचलणार नाहीत. हे बसलेले असताना आपणहून आली, तर आली."

"मान्य," मी म्हणालो. मी सही करायलाही तयार होतो.

"पण मग नोटरींचं मांजर?" मेव्हण्यानं विचारलं. त्याला आपली माहिती अशी वाऱ्यावर सोडवत नव्हती.

"त्यांच्या बायकोला शिंका यायच्या. स्वतः आणून दिलं त्यांनी. मी कुठलं मांजर उचलायला लावतेय? माझा खांदा दोनदा निखळलाय. कुणाला काही उचलताना बघितलं तरी माझा दुखतो."

मेव्हण्याला तेवढ्यात फोन आला, जरी तो वाजला नव्हता, आणि तो बाहेरच्या खोलीत गेला.

"मग आजची तपासणी..." मी म्हणालो.

"कसली तपासणी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पिशवीची चेन उघडली. "हिचा कंगवा माझ्याकडे राहिला होता."