एकशे बारा झबली

मी एक जुना फ्रीझर आहे, मित्रांनो. आइस्क्रीमचा नव्हे, उगाच तोंडाला पाणी सुटू देऊ नका. बारामतीच्या एका कॉलेजात, मानसशास्त्र विभागाच्या टोकाच्या खोलीत मी उभा आहे. माझ्या पोटात एकशे बारा झबली होती.

मला इथे आणलं डॉक्टर राजनंदिनीबाईंनी. माणूस वासावरून आपलं-परकं कसं ओळखतो, ही खोड आदिमानवापासून कशी चालत आली, हा त्यांचा जन्मभराचा अभ्यास. लोक नाक मुरडायचे, पाठीमागे त्यांना 'घामवाल्या बाई' म्हणायचे. बाई मात्र स्कूटरवरून इंदापूर तालुका पालथा घालत राहिल्या.

कळंबच्या गोजरबाईंकडे पूर्वी मेंढरं होती. त्या एकदा बाईंना म्हणाल्या होत्या, "शंभरात मेंढी आपलं कोकरू वासावर वळखती. आमी काय मेंढीपरीस कमी हाय व्हय?" बाई हे येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्यांदा सांगायच्या की मलाही पाठ झालं. त्यातूनच प्रयोग ठरला. तान्ह्या बाळाच्या अंगातलं झबलं न धुता पिशवीत बंद करायचं, मी ते गोठवून जपायचं आणि दहा वर्षांनी आईला हुंगायला द्यायचं. आईला तो वास ओळखू येतो का, एवढाच प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी बाईंनी दहा वर्षं वाट पाहिली.

पाहुणे आले की बाई माझ्या दारावर थाप मारून म्हणायच्या, "माझं सगळं आयुष्य ह्याच्या पोटात आहे." मला फार मोठं वाटायचं.

मग माझ्या दाराचं रबर फाटलं. मी कण्हू लागलो. बाईंनी दुरुस्तीसाठी तीन अर्ज दिले, पण त्या यंदा निवृत्त होणार, मग जुन्या फ्रीझरवर कोण खर्च करतो! थंडी कमी झाली की माझी घंटा वाजायची. शेजारच्या खोलीतल्या साहेबांना तिचा त्रास झाला आणि त्यांनी तिची वायरच उपटली.

शुक्रवारी दुपारी मी बंद पडलो. प्रयोग सोमवारी होता. बाई आयांना निरोप द्यायला निमगाव केतकीला गेल्या होत्या. आतून पाणी ठिबकत होतं. मी ओरडणार तरी कशाने?

शनिवारी झाडायला आलेल्या चंद्राबाईंनी दार उघडलं. आत कुबट वास. "अगं बाई! सोमवारी बाया येणार, त्यांच्या हातात असलं कसं द्यायचं?" असं म्हणत त्यांनी एकशे बारा झबली साबणाने धुतली, गच्चीवर कडक वाळवली, घड्या घातल्या आणि ज्या-त्या नावाच्या पिशवीत बिनचूक ठेवली. मित्रांनो, इतक्या मायेने कुणी कुणाचा घात केला नसेल.

सोमवारी चंद्राबाईंनी हे कौतुकाने सांगितलं, तेव्हा बाई फरशीवरच बसल्या. तोवर गोजरबाई आपल्या दहा वर्षांच्या स्वरालीला घेऊन दारात उभ्या. धाग्यात कुठे काही उरलं असेल, या वेड्या आशेने बाईंनी तीन झबली पुढे केली, एक स्वरालीचं आणि दोन दुसऱ्या बाळांची.

गोजरबाईंनी डोळे मिटून एकेक हुंगलं. पुन्हा हुंगलं. त्यांचा चेहरा कावराबावरा झाला.

"बाई, ह्यात माझं लेकरू न्हाय," त्या रडवेल्या झाल्या. "म्या आई असून मला वळखंना व्हय?"

"नाही हो, चूक तुमची नाही!" बाई कळवळून म्हणाल्या. पण गोजरबाईंना ते पटेना. दारामागे चंद्राबाई तोंडाला पदर लावून हुंदके देत होत्या, "मी चांगलं करायला गेले वो."

त्या बाळांचा वास आता जगात कुठेच नाही. ती बाळं मोठी झाली.

मित्रांनो, उद्या मला भंगारात नेणार आहेत. माझ्यासाठी मी काही मागत नाही. पण तुमच्या घरात, शाळेत एखादं जुनं यंत्र कण्हत असेल तर वेळीच थांबून ऐका. त्याची घंटा कानाला नकोशी झाली, तरी वायर तोडू नका. गोजरबाई स्वरालीला जवळ ओढून तिचं डोकं पुन्हा पुन्हा हुंगत जिना उतरल्या, आणि बाईंना त्यांच्याकडे बघवेना.