झुकतं माप

वजनकाट्यावरचा आकडा पाहून भिंगरीला आधी वाटलं, आपण भलत्याच गाडीचा आकडा वाचतोय. तिने मान वळवून मागे पाहिलं. मागची रांग फलाटाच्या खालीच थांबलेली होती. लोखंडी फलाटावर तिचीच निळी सेडान उभी होती आणि आकडाही तिचाच होता.

"हिशोबापेक्षा साठ किलो जास्त," मामा म्हणाला. "साठ! अगं, हिच्यातून मी काय काय काढलं माहितेय ना? मागची सीट काढली, स्टेपनी काढली, जॅक काढला, पायाखालचे गालिचे काढले. ही हलकी व्हायला हवी होती. ही तर माहेरी राहून आल्यासारखी भरलीय!"

काटेवाल्याने खांदे उडवले. मोसमाचा शेवटचा दिवस होता. या दिवशी प्रत्येक गाडी काट्यावर चढवून तिचा गट ठरवायची तिथली पद्धत होती. रांगेत मागून हॉर्न वाजत होते. भिंगरीने गाडी खाली घेतली.

ड्रॅग स्ट्रिप म्हणजे नुसता एक सरळ रस्ता. वळण नाही, चढ नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, समोरचे दिवे पिवळ्याचे हिरवे होतात आणि पाव मैल अंतर कोण किती सेकंदांत तोडतो ते मोजतात. यात गंमत अशी की घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही. पुढचं चाक आपल्या जागेवरून हललं की सुरू होतं. म्हणून तिथे घाईला किंमत नाही, सुटण्याला आहे.

भिंगरीचं पोट ड्रायव्हिंग स्कूलवर चालत होतं. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून "हळू, हळू, क्लच हळू सोडा" म्हणता म्हणता तिचा घसा बसायचा आणि सुटीच्या दिवशी ती स्वतः इथे येऊन गाडीला पंख लावायची. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून मामाने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. तिशी उलटली तरी ते पुसलं गेलं नव्हतं.

आणि आज सगळं पणाला लागलं होतं ते एका शब्दापायी.

मोसमाच्या सुरुवातीला आई एकदाच स्ट्रिपवर आली होती. त्या दिवशी शेजारच्या पट्टीतली गाडी घसरली, भिंतीला घासत गेली आणि आडवी उभी राहिली. चालवणारा हसत बाहेर आला, लोकांनी टाळ्या पिटल्या. आई मात्र घरी येऊन दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना मामाने बढाई मारली, "चौदा सेकंद म्हणजे या गाडीला किरकोळ." आईने लगेच ते शब्द पकडले आणि ती भिंगरीकडे वळली.

"किरकोळ ना? मग या मोसमात चौदाच्या आत आणून दाखव. आणलीस तर जन्मात 'नको' म्हणणार नाही. नाही आणलीस तर गाडी विकायची आणि त्या रस्त्याकडे फिरकायचं नाही. दे शब्द."

भिंगरीने शब्द दिला. आईच्या शब्दाला घरात वजन होतं आणि बाजारातही. तिचं खिळे, मोळे, तारा, कड्या-कोयंड्यांचं दुकान होतं. खिळे ती अजून तराजूवर तोलून द्यायची. काटा मधोमध आला की गिऱ्हाईक हात पुढे करी, तेव्हा आई "थांबा" म्हणून वर आणखी चार खिळे टाकायची. पारडं गिऱ्हाइकाकडे कलल्याशिवाय तिने माल कधी हातावेगळा केला नाही. लोक म्हणायचे, त्या बाईंचा काटा म्हणजे देवाघरचा काटा.

त्या शब्दानंतर मामाच्या गॅरेजमध्ये गाडीचे हाल सुरू झाले. मामाचं एकच तत्त्व होतं, वजन कमी तर वेळ कमी. पहिल्यांदा फरक पडला, दुसऱ्यांदाही थोडा पडला. मग वेळ चौदा पूर्णांक दोनवर येऊन जी बसली ती हलेना. मामाने आणखी काहीबाही काढलं तरी चौदा पूर्णांक दोनच. गाडीवर कुणी करणी केलीय, असं मामा निम्मं चेष्टेत म्हणायचा.

आणि आता हा आकडा!

"काटाच खोटा आहे," मामा ओरडला. आजूबाजूची चार माणसं वळली. "फालतू, गंजलेला काटा! यावर तोलून गट ठरवतात? अहो, ही लबाडी आहे!"

"ओ, तोंड सांभाळा," काटेवाला उठून उभा राहिला. "सकाळपासून वीस गाड्या तोलल्या. एकाचीही तक्रार नाही."

"त्या वीसही चुकीच्या तोलल्या असतील!"

आई बाजूला घडीच्या खुर्चीवर बसली होती. आज निकाल लागणार म्हणून ती दुसऱ्यांदा आली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. ती उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काट्याला नावं ठेवू नकोस," ती भावाला म्हणाली.

"ताई, तू मध्ये पडू नकोस. हा काटा..."

"काटा खरं बोलतोय." आई भिंगरीकडे पाहत नव्हती, फलाटाकडे पाहत होती. "डिकीतली फळी काढ."

डिकीत, स्टेपनी काढल्यावर जो खड्डा उरला, त्यावर मामाने प्लायवूडची फळी स्क्रूने बसवली होती. मामा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वाकला आणि तसाच थांबला.

"हे स्क्रू माझे नाहीत," तो हळूच म्हणाला. "मी साधे लावले होते. हे पितळी आहेत."

पितळी स्क्रू कोणत्या दुकानात मिळतात, ते तिघांनाही सांगायला नको होतं.

फळी निघाली. खाली गोणपाटात गुंडाळलेल्या पिशव्या एकीला एक खेटून बसवल्या होत्या, म्हणजे वाजू नयेत. भिंगरीने एकीचं तोंड सोडलं. आत खिळे होते, दोन इंची, नवे कोरे. पाच-पाच किलोच्या बारा पिशव्या. गाडी रोज दुकानाच्या मागे उभी असायची आणि किल्ली फडताळात.

कुणी तरी कानफटात मारावी आणि मारणारा हात ओळखीचा निघावा, तसं तिला झालं.

"आई, तू काटा मारलास?" ती म्हणाली.

धंद्यातल्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण तिने ते पुसलं नाही.

"मामाने गाडीतून काही काढलं की मी एक पिशवी टाकायचे," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी म्हणायचे, ही शेवटची. त्या भिंतीचा आवाज माझ्या कानातून जात नव्हता गं."

"दुकानात आजवर कुणाला तोळाभर कमी दिलं नाहीस."

"नाही दिलं."

"मग मला साठ किलो जास्त का दिलंस?"

मामाला अशा वेळीही खुदकन हसू आलं, पण दोघींकडे पाहून त्याने ते गिळलं.

"शब्द मी मोडला," आई म्हणाली. "तेव्हा तुझाही सुटला. ठेव गाडी. मी काही बोलणार नाही."

"मला असं नकोय." भिंगरीने पहिली पिशवी उचलून जमिनीवर आपटली. "फुकटचं नको. आज दोन फेऱ्या आहेत. खिळे काढून टाकते आणि तुझ्या डोळ्यांदेखत चौदाच्या आत आणते."

बाराही पिशव्या बाहेर आल्या. मामाच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. साठ किलो उतरल्यावर चौदा काय, पावणेचौदासुद्धा येईल, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला.

भिंगरीने गाडी रेषेवर लावली. हिरवा दिवा लागला. तिने पाय दाबला आणि गाडी जागच्या जागी किंचाळली. मागची चाकं गरगरली, रबराचा धूर आरशात भरला, शेपूट डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. मग कुठे गाडीने रस्ता पकडला. ती दुसऱ्या टोकाला पोचली तेव्हा तिला ठाऊक होतं की बिघडलं आहे. किती, ते मात्र ठाऊक नव्हतं.

"चौदा पूर्णांक सात," वेळ नोंदणाऱ्या बाई खिडकीतून म्हणाल्या.

मामा खाली बसला. खुर्ची नव्हती तिथेच, मातीत बसला. "हलकी झाली आणि हळू झाली?" तो म्हणाला. "असं कसं? असं होतच नाही. भिंगरे, हे असं होतच नाही!"

भिंगरी गाडीमागे जाऊन वाकली. तिने मागच्या टायरवर हात ठेवला. टायर तापलेला होता आणि गुळगुळीत लागत होता. मग तिला आठवली तिची एक विद्यार्थिनी. ओल्या चढावर तिची गाडी घसरायची. एकदा मागच्या सीटवर तिचे दोन धिप्पाड भाऊ येऊन बसले आणि तीच गाडी गुमान वर चढली होती.

"मामा, हिचं इंजिन पुढे आहे आणि जोर कुठल्या चाकांना जातो?"

"मागच्या. हे काय विचारणं झालं?"

"आणि आपण काय काय काढलं? मागची सीट. स्टेपनी. जॅक. सगळं मागचं. गाडी हलकी केली खरी, पण नेमकी तिथेच, जिथे चाकाला रस्ता दाबून धरायला वजन हवं होतं. चाक दाबून बसलं नाही तर ते रस्त्याला ढकलत नाही, नुसतं फिरतं. माझ्यासारखं. नाव भिंगरी!"

मामाने बोटांवर हिशोब केला.

"मग ते चौदा पूर्णांक दोन..."

"आईच्या खिळ्यांमुळे."

शेजारच्या पट्टीत कुणाची तरी गाडी गरजत सुटली, तरी कुणी मान वळवली नाही.

"म्हणजे मी," आई अडखळली, "मी इतके दिवस तुला मदत करत होते?"

"ताई," मामा मातीतून उठत म्हणाला, "मी मोसमभर राबून जे केलं नाही ते तू करून ठेवलंस. उद्यापासून गॅरेजला ये. मी खिळे विकतो."

आई हसली नाही. तिने पिशव्यांच्या ढिगाकडे असं पाहिलं, जसं काही त्यांनीच तिला फसवलं होतं.

"मग सगळ्या परत भर," ती म्हणाली.

"सगळ्या नको." भिंगरी विचार करत बोलत होती. "ओझं ते ओझंच. ते ओढावंही लागतं. दाब तेवढाच हवा, पण वजन कमी. कसं करायचं?"

"लांब टाक," आई म्हणाली आणि आपण बोललो याचंच तिला नवल वाटलं. "म्हणजे, दांडीच्या टोकाला थोडंही पुरतं. मधे टाकलं तर जास्त लागतं."

"बरोबर! खड्ड्यात नाही, अगदी मागे. शेपटाला लावून."

मामाने पट्ट्याने सहा पिशव्या डिकीच्या मागच्या भिंतीला करकचून बांधल्या. मागच्या टायरमधली हवा थोडी सोडली, म्हणजे ते रस्त्यावर जरा पसरून बसतील. आई एकेक पिशवी उचलून देत होती. प्रत्येक पिशवी देताना ती हातात थोडी तोलायची. हाताची सवय, दुसरं काय.

शेवटची फेरी.

भिंगरी रेषेवर आली. ही चुकली तर गाडी गेली. आई काहीही म्हणो, शब्द तो शब्द. पिवळे दिवे एकामागून एक लागू लागले आणि तिला स्वतःचाच बसलेला आवाज ऐकू आला, हळू, हळू, क्लच हळू. रोज दुसऱ्यांना सांगितलेलं तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. हिरवा लागला. तिने पाय दाबला नाही, सोडला. गाडी किंचाळली नाही. मागून कुणी तरी मोठ्या तळहाताने ढकलावं तशी ती सरळ निघाली. दुसरा गिअर, तिसरा, भिंत बाजूने नुसती पांढरी रेघ होऊन गेली आणि संपलं.

ती परत आली तेव्हा आई खुर्चीजवळ उभी होती. तिने डोळे मिटले नव्हते, हे मामाने नंतर शपथेवर सांगितलं.

खिडकीतल्या बाईंनी चिठ्ठी पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली.

"चौदा."

"चौदा पूर्णांक किती?" मामाने विचारलं.

"पूर्णांक शून्य शून्य. चौदा. बरोबर चौदा."

मामाने चिठ्ठी उलटी करून पाहिली, जणू मागे काही शिल्लक असेल. भिंगरीला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच कळत नव्हतं.

"चौदाच्या आत म्हणालो होतो आपण," ती म्हणाली. "ही आत नाही. बरोबर काट्यावर आहे. किल्ली घे, आई."

आईने किल्ली घेतली नाही. "दाखव," म्हणून तिने चिठ्ठी घेतली, डोळ्यांपासून लांब धरून वाचली. मग तिचे खांदे सैल झाले.

"काटा बरोबर मधोमध आला की मी गिऱ्हाइकाला काय म्हणते?"

भिंगरी तिच्याकडे बघतच राहिली. "थांबा म्हणतेस."

"मग थांब."

आई खाली उरलेल्या पिशव्यांपाशी वाकली. तिने एकीत हात घातला आणि भिंगरीच्या उघड्या तळहातावर चार खिळे टाकले.

"भीती काही गेलेली नाही माझी," ती म्हणाली. "पण माझ्या दुकानातून कुणी नुसत्या बरोबर मापाने गेलेलं नाही. तूही जायची नाहीस."

भिंगरीने मूठ मिटली. खिळे उन्हाने तापलेले होते.

"भिंगरे," मामा नाक शिंकरत म्हणाला, "ते चार खिशात ठेव. डिकीत टाकू नकोस हं, पुन्हा पहिल्यापासून गणित मांडावं लागेल."