चार नंबरवरची देवी

खुशालरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मे महिन्याचं अकराचं ऊन, अंजनगावची आमची अख्खी गल्ली घामानं निथळत त्यांच्या पांढऱ्या मोटारीभोवती उभी, आणि आत ड्रायव्हरच्या सीटवर मांडी घालायची खटपट करणारे गावचे देवऋषी, फुंकरबाबा. स्टिअरिंग पोटाला लागत होतं, त्यामुळे मांडी काही जमेना.

"एक!" बाबांनी एसीच्या पंख्याचं बटण फिरवलं. काही नाही. "दोन! तीन!" पंखा मुका. "आता माय बोलते, आयका. चार!"

आतून कण्हल्यासारखा आवाज आला आणि समोरच्या जाळीतून कुंकवाचा फवारा थेट बाबांच्या दाढीवर उडाला.

"अवं माय वं!" बायांनी हात जोडले.

मी घड्याळ पाहत होते. आयटीआयमध्ये मी मोटारींची वायरिंग शिकवते, असली कण्हणी रोज ऐकते. माझा जीव अडकला होता ओसरीवरच्या बाजेवर. तिथं खुशालरावांच्या पत्नी, शालूकाकू, उशीला टेकून धापा टाकत होत्या. किडन्या निकामी, दर मंगळवारी आणि शुक्रवारी अमरावतीला डायलिसिस. या मंगळवारी निघतानाच कुंकू उडालं, बाबा धावून आले आणि फर्मान सुटलं: एकवीस दिवस गाडी हलवायची नाही, घरच्या बाईनं उंबरठा ओलांडायचा नाही. ती खेप बुडाली. आज शुक्रवार, दोनचा नंबर, आणि काकूंचे पाय सुजून टम्म.

"काकाजी, न्या ना त्याइले," मी म्हटलं. "पाणी छातीत चढून राह्यलं."

"मले का समजत नाई, रश्मी?" खुशालरावांचा आवाज फाटला. "पन गाडी हलली त घरची बाई जाईन, म्हनते बाबा."

"आन नाई हलली त?"

खुशालरावांऐवजी बाबाच खिडकीतून गरजले, "पोरी, तुह्यं विज्ञान सरते तिथून आमची फुंकर सुरू होते! एक, दोन, तीन म्हंजे तीन लोक. चौथा आकडा मायचा!"

"मंग पाचव्यावर कोन हाय?"

"पाचवा नंबरच नाई हाय गाडीले!"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मी पिशवीतून स्क्रू खोलायचा पेचकस काढला, तसे शेजारचे उत्तमराव हात पसरून आडवे आले. "हात नोको लावू वं. कोप होईन, साऱ्या गल्लीले भोवन."

"खोल तू, रश्मी." काकू बोलल्या. एकेका शब्दाला दम लागत होता. "मेली त मी मरीन. तुमाले काहून एवढं भेव?"

उत्तमराव बाजूला झाले.

मी गाडी बंद करायला लावली, डावीकडच्या सीटसमोर आडवी पडले आणि डॅशबोर्डखालचे तीन स्क्रू काढले. पंखा मोटरीसकट हातात आला आणि त्याच्याबरोबर माझ्या तोंडावर पसाभर कचरा. मी तो कुणीतरी पुढे केलेल्या परातीत ओतला. उंदरानं केलेलं चिंध्यांचं घरटं, कुरतडलेला फिल्टर, ओंजळभर कुंकू आणि तांदूळ. लाल रंगाचे तांदूळ.

"काकाजी, हे तांदूळ कोनाचे?"

खुशालरावांनी चार दाणे तळहातावर घेतले. दर मंगळवारी गाडीची पूजा करून काचेवर मूठभर कुंकवाच्या अक्षता टाकायचा त्यांचा नेम होता. दोन वर्षांत एकदाही चुकला नव्हता. त्या काचेखालीच, वायपरजवळ, गाडी बाहेरची हवा ओढते ती जाळी आहे.

"माहेच," ते पुटपुटले. "मीच टाकले."

"दाण्यांमागं उंदीर आला. घरटं पात्यांना घासते, तो आवाज. पंखा अडकून हा तुकडा जळला." मी काळा पडलेला रेझिस्टर सगळ्यांना दाखवला. "एक, दोन, तीनचा करंट यातून जाते. चारचा थेट जाते, म्हनून माय चारवरच बोलते."

"मायनं रूप बदललं!" बाबा ओरडले.

"उंदराचं?" उत्तमरावांनी विचारलं. अंगण खो खो हसलं. बाबांना उतरायची घाई झाली, पण स्टिअरिंग सोडेना.

पंखा झटकून बसवला. चारवर गार वारा सुटला. बाबांना ओढून बाहेर काढलं, काकूंना मागे निजवलं आणि आम्ही निघालो तेव्हा सव्वाबारा झाले होते. वाटेत खुशालराव सारखा हॉर्न वाजवत होते.

दोनला पाच कमी असताना नर्सनं काकूंचे पाय दाबून पाहिले. तिची बोटं रुतली. "मंगळवारी काहून नाई आनलं यायले?"

खुशालराव भिंतीकडे तोंड करून रडायला लागले.

काकू वाचल्या. पण त्या चार दिवसांचा मला अजून संताप येतो. देव माना, नका मानू, तुमची मर्जी. पण कुणी म्हणालं की आजारी माणसाला दवाखान्यात नेऊ नका, तर त्याला अंगणाबाहेर काढा. आणि गाडी कण्हली तर हात जोडण्याआधी तिचे तीन स्क्रू काढून पाहा.

खुशालराव अजूनही मंगळवारी गाडीची पूजा करतात. आता बॉनेटवर फक्त एक फूल असतं, आणि काकू आधीच आत बसलेल्या असतात.