चाळणीखालची वाटी

मी चाळणी बोलतेय. माझ्या पोटात काही राहत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आजींनी मला घरात आणलं, तेव्हा इथे भात भरपूर पाण्यात शिजायचा आणि माझ्यात ओतून वेळला जायचा. खाली पेज उतरायची. तिच्यासाठी पोरं भांडायची.

मग कुकर आला. मोजकं पाणी, तीन शिट्ट्या, काम फत्ते! मी खिळ्यावर लटकले. अधूनमधून कांदे झाकायला माझी आठवण व्हायची, तेवढंच.

नातू घास खायला लागला आणि माझं नशीब फळफळलं. डॉक्टरीणबाईंनी सुनेला सांगितलं, "तांदूळ जमिनीतलं आर्सेनिक ओढून घेतो. लहान जिवाला ते विष जास्त बाधतं. कुकरमध्ये पाणी आटतं, विष भातातच राहतं. भरपूर पाण्यात शिजवून पाणी ओतून दिलंत, तर बरंचसं निघून जातं."

सुनेनं मला घासूनपुसून लख्ख केलं. "आई, तुमचीच पद्धत बरोबर निघाली हो!"

आजींना आभाळ ठेंगणं झालं. "मी म्हणत नव्हते?" त्या नेमकं काय म्हणत होत्या, ते कुणालाच आठवत नव्हतं.

भात वेळायचं काम त्यांनी हौसेनं स्वतःकडे घेतलं. सून कामावर गेली, की त्या पेज वाटीत काढायच्या, चिमूटभर मीठ घालायच्या आणि नातवाला पाजायच्या. "पी रे राजा, सगळं सत्त्व यातच असतं."

सत्त्व होतंच. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, तेही त्यातच होतं. मी जीव तोडून खडखडले. आजी म्हणाल्या, "मेली, धड बसतसुद्धा नाही भांड्यावर!"

एक दिवस सून लवकर परतली. बाळाच्या ओठाला लागलेली वाटी बघून तिनं ती हिसकावून घेतली. "आई, अहो, विष ज्यात उतरतं तेच पाजताय त्याला?"

आजी नातवाला कवटाळून रडल्या. "मला वाटलं, विष भातात असतं गं. पाण्यात कशाला जाईल?" बाळाला पुन्हा थेंबही देणार नाही, असं त्यांनी कबूल केलं.

आज त्यांनी शब्द पाळला. सून कामावर गेल्यावर भात वेळला आणि पेजेची वाटी मोरीपर्यंत नेली. पण अन्न मोरीत ओतायला हात होईना. इकडेतिकडे पाहून त्यांनी मीठ घातलं आणि पेज स्वतःच गटागटा पिऊन टाकली. "माझं काय आता," असं पुटपुटत वाटी विसळून ठेवली.

सुनेला कुणीतरी सांगा हो. एवढी भोकं आहेत माझ्या अंगाला, पण शब्द एकातूनही बाहेर पडत नाही.