हं म्हणायची सवय

नोटीस आल्यापासून धर्मपाल दिवसभर दाराकडे तोंड करून बसायचा. तसा तो आधीही दाराकडेच तोंड करून बसे. येणाऱ्याचा चेहरा दिसला की तो काय बोलतोय ते कळायचं. पाठीमागून कुणी आलं तर बोलणं सोडाच, माणूस आल्याचंही कळायचं नाही. पण आता तो वाट बघत होता ती पोलिसाची. गल्लीतून कुणी खाकी शर्ट घालून गेलं तरी तो उठून दाराआड व्हायचा, मग तो पोस्टमन का असेना.

नोटिशीतली भाषा सरकारी होती, म्हणजे वाचणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी अशी. ऐकू येत असतानाही कर्णबधिर असल्याचा दाखला मागून आपण शासनाची दिशाभूल केल्याचे दिसून येते. सुनावणीस हजर राहून खुलासा करावा, अन्यथा गुन्हा दाखल करण्यात येईल. एमआयडीसीत त्याच्या शेजारच्या यंत्रमागावर काम केलेला श्रीमंत नावाचा दोस्त भेटायला आला, आणि धीर द्यायचा सोडून त्यानं आणखी घाबरवलं.

"लई कडक झालंय आता," श्रीमंत म्हणाला. "बोगस दिव्यांग म्हणून धरत्यात. पेपरात फोटू छापत्यात."

"आरं, पण मला खरंच ऐकू येत न्हाय."

"मग मी आत्ता बोललेलं कसं कळलं?"

धर्मपाल त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. श्रीमंतनं मान हलवली. "मला म्हाईत हाय रे. पर सायबाला कसं पटवणार?"

अक्कलकोट रोडच्या त्या टॉवेलच्या कारखान्यात माग सुरू झाले की कानाला तोंड लावून ओरडलं तरी उपयोग नसायचा. तिथं सगळे ओठांनी आणि हातांनी बोलायचे. कांडीवरचं सूत संपलं, जेवायला चल, मालक आलाय, सगळं आवाजाशिवाय. नवा माणूस काही दिवसांतच ते शिकायचा. धर्मपाल तर त्यात उस्ताद; पार पलीकडच्या रांगेतल्या माणसानं दिलेली शिवी त्याला कळायची आणि तो जागेवरूनच ती परत करायचा. त्यामुळे कान नक्की कधी गेले हे त्याचं त्यालाही समजलं नाही. जिथं कुणालाच ऐकू येत नाही, तिथला बहिरा ओळखायचा कसा? समजलं तेव्हा त्यानं ते दडवलं, कारण मालकाच्या कानावर गेलं तर काम जाणार. समोरच्याचं तोंड हललं की उत्तर द्यायचं, थांबायचं नाही, आणि नाहीच कळलं तर ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ कुठंही खपतं.

शेवटी मागानंच चुगली केली. माग बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो आणि विणकर तेवढ्यावरून तो बंद करतो. धर्मपालच्या मागावर खराब कापड निघायला लागलं. मालकानं काही दिवस सोसलं, मग एकदा मान खाली घालून म्हणाला, आता घरी बस. मान खाली असल्यामुळे धर्मपालला ते पुन्हा विचारावं लागलं. स्वतःला काढून टाकल्याचं पुन्हा विचारून घेणारा त्या कारखान्यातला तो पहिलाच असेल.

बायकोला, सोजरबाईला, एवढंच ठाऊक होतं की नवऱ्याला जरा कमी ऐकू येतं. जरा. घरात ओटा भिंतीला लागून होता. भाकरी थापता थापता ती दिवसभराचं सगळं भिंतीकडे तोंड करून सांगायची, आणि तो मागं बसून तिच्या खांद्यांकडे बघायचा. खांदे थांबले की ‘हं’ म्हणायचा. त्यांचा संसार असा बिनबोभाट चालला होता. दिवाळीनंतर एका संध्याकाळी ते खांदे बराच वेळ थांबले. तव्यावरची भाकरी करपली. त्यानं आपला ‘हं’ म्हटलं. ती वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण पाट्यावर मिरचीचा ठेचा होता, म्हणून त्यानं काही विचारलं नाही.

काम गेल्यावर दिव्यांगांना दर महिन्याला मिळणाऱ्या अनुदानासाठी अर्ज करायचं ठरलं, आणि त्यासाठी दाखला हवा म्हणून तो तपासणीला गेला. तिथं मात्र त्यानं कमाल केली. डॉक्टर मान वर करून बोलत होते. नाव काय, गाव कोणतं, त्रास कधीपासून, सगळ्याची त्यानं फटाफट उत्तरं दिली. मग त्याला काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आवाज कुठला यायला? पण काचेपलीकडच्या बाईचं बोट हलताना दिसत होतं, आणि इतक्या वर्षांची सवय, बोट हललं की हा बटण दाबायचा. नंतर ती बाई जरा वळून बसली तेव्हा बटण थांबलं. ज्या परीक्षेत नापास व्हायला गेला होता, तिथं हा बहाद्दर कॉपी करून पास व्हायला बघत होता! डॉक्टरांनी त्यांच्या परीनं बरोबरच लिहिलं की हा माणूस नीट बोलतो, मनाला येईल तसं बटण दाबतो, सोंग करतो.

"आपुन खोटं तर करत न्हाय ना?" सोजरबाईनं त्याच्यासमोर बसून विचारलं. "थोडं तर येतंय की तुमाला ऐकू."

तिचा चेहरा भीतीनं लहान झाला होता. धर्मपालनं मान खाली घातली, म्हणजे पुढचं दिसायला नको.

श्रीमंतनंच नंतर पत्ता काढला. कोर्टात विधी सेवेचं ऑफिस आहे, तिथं कामगाराला फुकट वकील मिळतो. दोघं नवराबायको गेली. कोर्टाच्या फाटकातून आत जाताना धर्मपालला वाटलं, आपणच आपल्या पायांनी आत निघालोय. तिथून त्याला महेश्वरी नावाची वकिलीणबाई दिली. तिशीच्या आतली, कपाळावर भस्माचं बारीक बोट, समोर फायलींचा ढीग. तिनं सोजरबाईला कागदांच्या झेरॉक्स काढायला खाली पाठवलं आणि धर्मपालला सगळं विचारून घेतलं. त्यानं एकही उत्तर चुकवलं नाही. तिचा चेहरा हळूहळू कडक होत गेला. हिलापण पटेना.

मग ती कपाटातून काहीतरी काढायला वळली. जरा वेळ तिची पाठ होती. खांदे थांबल्यासारखे वाटले.

"हं," धर्मपाल म्हणाला.

ती गर्रकन फिरली. "काय हं, काका?"

"तुमी म्हणला ते."

"मी विचारलं, तुम्हाला मुलं किती?"

तिनं फाईल उचलून तोंडासमोर धरली आणि काहीतरी बोलली. डोळे तेवढे दिसत होते. उत्तर द्यायला हवं, थांबलो तर संपलं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"एक पोरगी हाय, चैताली. वैरागला दिलीया," तो घाईघाईनं म्हणाला.

महेश्वरीनं फाईल खाली ठेवली. "मी म्हणत होते, तुमच्या मागं साप आहे." तिचे ओठ आता सावकाश हलत होते. "काका, तुम्ही सोंग करता हे खरंच आहे. पण ऐकू येत असल्याचं करता. ते बंद केल्याशिवाय मला तुमच्यासाठी काही करता येणार नाही."

इतक्या वर्षांत हे कुणी पकडलं नव्हतं. धर्मपालला रडू फुटलं, आणि तेही त्यानं खोकल्यासारखं केलं.

"काकूंना माहीत आहे?"

त्यानं मान हलवली. नाही.

"घरी गेल्यावर सांगा."

"सांगतो," तो म्हणाला. सांगितलं नाही. पोलिसाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती की सोजरबाई विचारेल, मग मी इतकी वर्षं कुणाशी बोलत होते?

महेश्वरीनं फेरतपासणीचा अर्ज केला. या वेळची तपासणी वेगळी होती. डोक्याला तारा चिकटवायच्या, डोळे मिटून पडून राहायचं, बटण नाही, बोट नाही. मशीन माणसाला विचारतच नाही, सरळ मेंदूचंच बघतं, असं तिनं समजावलं होतं. धर्मपाल पडून राहिला. डोळे मिटले की जग बंद व्हायचं, म्हणून तो दिवसा कधी डोळे मिटायचा नाही. त्या खोलीत कोण आलं, कोण गेलं, त्याच्याबद्दल काय बोललं, काही कळत नव्हतं. उठला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

अहवाल सुनावणीच्या दिवशी साहेबांच्या टेबलावर आला. सोजरबाई मागं बाकावर बसली होती. साहेबांनी तो वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"यात लिहिलंय दोन्ही कान जवळजवळ पूर्ण गेलेत," ते म्हणाले. "आधीचे डॉक्टर लिहितात नीट बोलतो. मी काय समजायचं? काय हो, चहा घेतला का सकाळी?"

"घेतला सायेब," धर्मपालच्या तोंडून निघून गेलं.

साहेबांनी महेश्वरीकडे बघून हात पसरले. बघा! धर्मपालला पुढचं सगळं दिसायला लागलं. गुन्हा दाखल, फोटो पेपरात, चैतालीच्या सासरी सगळं वाचलं जाणार. महेश्वरी उठली. मागावर लोक कसे बोलतात ते तिनं साहेबांना सांगितलं, आणि म्हणाली, "साहेब, त्यांना तोंड फिरवून बसू द्या. मग काय विचारायचं ते विचारा."

तिनं त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली. समोर येऊन वाकली आणि फक्त ओठ हलवले. "डोळे मिटा काका. काहीही झालं तरी उघडायचे नाहीत, आणि बोलायचं नाही."

त्यानं डोळे मिटले. पंख्याचा वारा मानेला लागत होता, बाकी काही नव्हतं. ते हसत असतील का? पोलिसाला फोन करत असतील का? एकदा त्याला वाटलं, सगळे निघून गेले आणि आपण इथं एकटेच बसलोय. जिभेवर ‘हं’ सारखं येत होतं. त्यानं दात आवळून धरले. पायाखालच्या फरशीला हादरा बसला, कुणीतरी काहीतरी आपटलं असावं. तो हलला नाही. मग मानेवर गरम श्वास आला, अगदी जवळ. कुणीतरी मागं उभं राहून बोलत होतं, बराच वेळ बोलत होतं. श्वास थांबला. पुन्हा आला. पुन्हा थांबला. ती थांबायची तऱ्हा त्याला ओळखीची वाटली.

खांद्यावर हात पडला तेव्हा त्यानं डोळे उघडले. महेश्वरीचे डोळे भरले होते. साहेब खिडकीबाहेर बघत होते. ते वळले आणि धर्मपालला दिसेल असं तोंड समोर धरून म्हणाले, "नोटीस रद्द करतो. दाखल्याची शिफारस आजच पाठवतो. जा तुम्ही."

हात जोडायचं भान धर्मपालला राहिलं नाही. सोजरबाई त्याच्या खुर्चीच्या मागं उभी होती, पदर तोंडाला लावून. तिनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू ती त्याला पहिल्यांदाच बघत होती.

जिन्यात त्यानं तिला गाठलं. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो त्याच्या अंगात कुठंच सापडत नव्हता.

"माज्या मागं तूच बोलत व्हतीस न्हवं? काय म्हणलीस?"

ती पायऱ्यांकडे बघत काहीतरी बोलली. पदराआडून.

‘हं’ ओठांवर आलंच होतं. त्यानं ते गिळलं.

"मला ऐकू येत न्हाय, सोजर," तो म्हणाला. इतक्या वर्षांत हे त्यानं तिला पहिल्यांदा सांगितलं. "लई वर्सं झाली. पदर काढ. माज्याकडं बघून सांग."

तिनं पदर खाली घेतला. तिचे ओठ थरथरत होते, पण त्याला प्रत्येक शब्द दिसला.

"वकिलीणबाई म्हणल्या, असं काय तरी बोला की त्यांनी वळून बघितलंच पायजे. म्हणून सांगितलं. माज्या छातीत गाठ हाय. दिवाळी झाल्यावर सांगितली तवा बारीक व्हती. तुमच्याकडं बघून सांगायची लाज वाटली, म्हणून भाकरी करता करता सांगितली. तुमी हं म्हणला. मला वाटलं, तुमी ऐकून नुसतं हं म्हणताय म्हंजी घाबरण्यासारखं काय न्हाय... म्हणून मी पण गप बसले. आता मोठी झालीया."

जिन्यातून माणसं वर-खाली करत होती. धर्मपालनं कठडा घट्ट धरला. नोटिशीनं त्याला घाबरवलं होतं, पण ती भीती आता त्याला आठवेना.

"ऐकलं," तो म्हणाला. "आत्ता ऐकलं मी."

त्यानं तिचा हात धरला आणि ती दोघं पुन्हा जिना चढून वर गेली, कोणत्या दवाखान्यात जायचं ते महेश्वरीला विचारायला.