नवसाबाईचं रान

नाशिकच्या संग्रहालयाच्या पायरीवरच सासूबाई पुढं गेलेल्या बघून छायानं आईला दटावलं, "आई, मम्मींसमोर सरव्याचं काही काढू नको हं."

"मी कशाला काढू? मला काय येड लागलंय?" नवसाबाई म्हणाली.

लग्न ठरताना छायानं सासरी सांगितलं होतं, की नांदगावला आमचं थोडं रान होतं. रान होतं, पण दुसऱ्यांचं. कापणी झाली की मागे जे सांडलेलं राहतं तो सरवा, आणि तो वेचायला या मायलेकी जायच्या. लेकीचं खोटं नवसाबाईला कधी पटलं नाही. पण तिच्या सुखात माती कालवायची नाही, एवढं तिला कळत होतं.

आत फ्रान्सच्या कुणा जुन्या चित्रकारानं काढलेली खेड्यातली चित्रं लावलेली. गाई, मेंढ्या, गवताच्या गंजी. नवसाबाई भराभर पुढं निघाली. गाई काय, घरी रोजच बघते ती. शेवटच्या दालनात मात्र तिचे पाय थबकले. कापलेल्या शेतात दोन बाया वाकून एकेक ओंबी वेचतायत, आणि मागे ओचा धरून एक पोर उभी. एवढ्या मोठ्या फ्रान्समध्ये मेल्याला काढायला दुसरं काही मिळालं नाही!

"अगं बाई, हा तर आपल्याकडचा सरवा!" छायाच्या सासूबाई, वत्सलाबाई, हरखून म्हणाल्या. "विहीणबाई, तुमच्या रानात यायच्या का हो अशा बाया?"

छाया फरशीकडे बघू लागली. नवसाबाईनं पदर सावरला.

"यायच्या ना, लय यायच्या. आम्ही कुणाला हाकललं नाय. कडेची कणसं मुद्दाम तशीच ठेवायचो. एखादीसंगं पोर असली तर म्हणायचो, बाई, आधी सावलीत बस, पाणी पी. सरवा काय पळून जातोय?"

तिला जे कुणी कधी म्हटलं नव्हतं, ते ती आज मालकीण होऊन म्हणत होती.

"आई, पुरे," छाया म्हणाली आणि सासूकडे वळली. "मम्मी, आमचं रान नव्हतंच. मी खोटं सांगितलं होतं. ती पोर आहे ना, तशी मी उभी असायचे. आम्हालाच हाकलायचे लोक."

नवसाबाईला लेकीचा असा राग आला! आत्ता कुठं रान मिळालं होतं, तेही पोरीनं ठेवलं नाही.

वत्सलाबाई चित्राकडे वळल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या रानात यायच्या. मी हाकलायचे, विहीणबाई. सासूनं काठी दिली होती हातात, पण हाकलायचे मीच."

जाऊ द्या, चालायचंच, असं म्हणणं नवसाबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आज खोटं बोलून झालं होतं तेवढं बस होतं.

"लय वाईट वाटायचं," ती म्हणाली.